तीन आयुष्यांची जमीन

मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या सांगवीच्या रहिवाशास जमीन धारण करण्याचे निरनिराळे प्रकार पाहावयाचे असतील, तर फार दूर जावे लागत नाही. सांगवीतच पाहावे. येथील बरीचशी घरे शेतकऱ्याकडून गुंठा-दोन गुंठे विकत घेऊन बांधलेली. जमीन आपली, परंतु बांधकामाचा परवाना नाही. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला तो अशाच वस्त्यांसाठी. मुळा ओलांडून खडकीच्या छावणीत गेले की तेथील जुन्या बंगल्यांची गोष्ट उलटी. इमारत धारकाची आणि जमीन सरकारची. इमारतीची किंमत देऊन महिन्याच्या नोटिशीने जमीन परत घेण्याचा हक्क सरकारने जुन्या अनुदानाच्या अटींत राखून ठेवलेला. आणि उत्तरेस निगडी-आकुर्डीकडे गेले, की प्राधिकरणाच्या नीटस पेठा लागतात. तेथे रस्ते रुंद, नकाशे मंजूर, झाडे ओळीने लावलेली. मात्र सदनिकेखालची जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर.

आमच्या ख्रिस्ती कुटुंबांचा प्रवास पुष्कळदा याच वाटेने झाला. आई-वडिलांनी सांगवी, दापोडी, पिंपळे गुरव येथे पत्र्याच्या खोलीपासून सुरुवात केली आणि मुलांनी कर्ज काढून प्राधिकरणात सदनिका घेतली. नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्हांस बोलावणे येते. पवित्र पाणी शिंपडून झाले, चहा झाला, की घरधनी मोठ्या कौतुकाने करारनाम्याची जाड वही पुढे ठेवतो. त्या वहीत ‘भाडेपट्टा’ हा शब्द असतो, मुदत असते, अटी असतात. हे पान वाचलेले घर आम्हांस क्वचितच भेटले. सदनिका ‘विकत घेतली’ एवढेच सर्वांस ठाऊक असते.

या न वाचलेल्या पानाचा इतिहास फार जुना आहे, आणि त्यात आपल्या ख्रिस्तसभेचा हात अनेक वाचकांना वाटेल त्याहून मोठा आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी शब्दाचा अर्थ. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार भाडेपट्टा म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक मोबदल्यात, स्थावर मालमत्तेचा उपभोग घेण्याचा हक्क. मालकी नव्हे. मुदत संपली की पट्टा आपोआप संपतो. त्यासाठी कोणी कोर्टात जाण्याची गरज नसते. नूतनीकरणाची अट करारात लिहिली असेल तर ती मागता येते. लिहिली नसेल तर हा अधिनियम भाडेपट्टेदाराच्या पदरात मुदतवाढीचा हक्क टाकीत नाही. मराठी मुलखात ही कल्पना नवी नव्हती. मिरासदार आणि उपरी हा भेद आपल्या खेड्यांना ठाऊक होता. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास सरकार कौल देई आणि सारा दरसाल थोडाथोडा वाढवीत नेई, त्यास इस्तावा म्हणत.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यासही ती नवी नाही. लेवीय पुस्तकाचा पंचविसावा अध्याय काढून पाहावा. तेथे परमेश्वर इस्राएलास बजावतो की जमीन त्याची आहे आणि लोक तिच्यावर पाहुणे म्हणून राहत आहेत. म्हणून जमीन कायमची विकता येत नाही; पन्नासाव्या, म्हणजे योबेलाच्या वर्षी ती मूळ कुळाकडे परत जाते. मग मधल्या काळात जे विकले जाते ते काय? शास्त्र सांगते, पिके. योबेलापर्यंत जितकी वर्षे उरली असतील तितका भाव. वर्षे जास्त तर किंमत जास्त, वर्षे थोडी तर किंमत थोडी. आजचा मूल्यांकनकार उरलेल्या मुदतीवरून सदनिकेची किंमत करतो तो याच सूत्राने. त्याच अध्यायात तटबंदीच्या नगरातील घरासाठी वेगळा नियम आहे. ते विकणाऱ्याला सोडवून घेण्यास एकच वर्ष. त्यानंतर ते घेणाऱ्याचे कायमचे झाले. तट नसलेल्या खेड्यातील घर मात्र शेताप्रमाणेच योबेलात परत जाई. शहरातले घर आणि गावची जमीन यांना एकच माप लावू नये, हे मोशेच्या काळीही समजले होते. २०२५ हे ज्युबिली वर्ष म्हणून घोषित झाले तेव्हा आमच्या प्रवचनांतून क्षमेविषयी, यात्रेविषयी पुष्कळ बोलले गेले. जमिनीविषयीचा हा भाग बहुतेक ठिकाणी निसटला.

आता रोमकडे वळू. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात ओसाड जमिनी लागवडीस देण्याची एक पद्धत रूढ झाली. तिचे ग्रीक नाव एम्फिट्यूसिस. अर्थ ‘रोवणे’, लावणी करणे. घेणारा जमीन सुधारी, दरसाल ठरलेला खंड देई, आणि त्याचा हक्क वारसांकडे जाई. ही विक्री की भाडे, यावर कायदेपंडितांचा वाद होता. पाचव्या शतकाच्या अखेरीस झेनो सम्राटाने तो मिटविला: ही विक्रीही नव्हे, भाडेही नव्हे, हा तिसराच प्रकार आहे. सहाव्या शतकात जस्टिनियन सम्राटाने त्यास नियम घातले. खंड तीन वर्षे थकला तर हक्क जाई; जमीन ख्रिस्तसभेची असल्यास दोन वर्षांतच. धारकाला आपला हक्क तिसऱ्या माणसास विकावयाचा असेल तर मालकास आधी कळवावे लागे आणि किमतीचा पन्नासावा भाग, म्हणजे दोन टक्के, मालकास द्यावा लागे. हस्तांतरण शुल्काची पावती हातात घेऊन कुरकुरणाऱ्या आमच्या बांधवांस त्या पावतीचे वय दीड हजार वर्षे आहे हे समजल्याने कुरकूर कमी होणार नाही, पण निदान ती योग्य पत्त्यावर जाईल.

याच जस्टिनियनने ५३५ साली ख्रिस्तसभेच्या जमिनींसाठी आणखी एक मर्यादा आखली. अशी जमीन द्यावयाची ती तीन आयुष्यांपुरती: घेणारा स्वतः, आणि त्याच्यामागून दोन वारस. तिसरा मेला की जमीन परत. हेतू चांगला होता. देवाच्या कामासाठी दिलेली जमीन पिढ्यान्‌पिढ्या परक्याच्या हाती राहून विसरली जाऊ नये. पण चौथ्या पिढीतल्या मुलाने काय करावे, याचे उत्तर त्या नियमात नाही. ज्या घरात तो जन्मला ते घर त्याच्या जन्माआधीच दुसऱ्याचे होऊन बसलेले असे.

हा तीन आयुष्यांचा नियम पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आला. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी व मुंबई ही बेटे गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांच्या ताब्यात आली, आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकेपर्यंत त्या भागातील गावे राजाच्या वतीने मानकऱ्यांस पट्ट्याने दिली जात. पुष्कळ पट्टे तीन आयुष्यांचे असत. वार्षिक खंडास ‘फोरो’ म्हणत. १५५४ च्या सुमारास खुद्द मुंबई बेट गार्सिया द ओर्ता या वैद्यास अशाच पट्ट्याने मिळाले. हिंदुस्थानी औषधींवरील ज्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, तोच हा वैद्य. या फोरोवरून पुढे मुंबईत ‘फोरास’ जमिनी हा शब्द रुळला आणि एका रस्त्यास फोरास रोड हे नाव पडले. त्या रस्त्याचे नाव घेताना सभ्य माणूस आवाज खाली करतो. पण शब्द निष्पाप आहे, तो फक्त जमिनीचा खंड.

मुंबई १६६५ साली इंग्रजांच्या ताब्यात आली तेव्हा मोठा पेच उभा राहिला. जुन्या धारकांचे पट्टे पोर्तुगीज राजाने दिलेले; आता राजा बदलला. मग हक्क कोणाचे आणि कितीचे? काही जमिनी इंग्रजांनी ताब्यातही घेतल्या. भांडणे माजली, बेटावरची शेती आणि वस्ती दोन्ही अस्थिर झाली. ती मिटविली गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने. १६७२ साली बेटावरील प्रमुख धारकांशी त्याने बोलणी केली आणि १६७४ साली तो ठराव पक्का झाला: धारकांनी सर्वांनी मिळून दरसाल २०,००० झेराफिन कंपनीस द्यावे आणि कंपनीने त्यांच्या जमिनी निर्वेध त्यांच्याकडे राहू द्याव्यात. हा ठराव आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. एकट्यादुकट्याने आपला पट्टा घेऊन दरबारात खेटे घातले नाहीत. गावाने एकत्र बसून एक आकडा ठरविला. पुढे समुद्राचे पाणी हटवून लागवडीस दिलेल्या सखल फोरास जमिनींबाबतही तसेच झाले. धारकांचा हक्क किती यावर वर्षानुवर्षे वाद चालला, आणि अखेर १८५१ च्या कायद्याने कंपनीने साऱ्याचा हक्क तेवढा ठेवून त्या जमिनींवरील आपला दावा सोडला.

तीन आयुष्यांच्या जागी ९९ हा आकडा आला तो इंग्रजी वहिवाटीतून. तीन पिढ्या, प्रत्येकी तेहतीस वर्षे, असा हिशेब लोक सांगतात. तेहतीस हे प्रभूच्या ऐहिक आयुष्याचे परंपरेने मानलेले वय असल्याने तो आम्हां ख्रिस्ती लोकांस गोडही वाटतो. पुरावा म्हणून आम्ही तो मांडीत नाही. परंतु १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधार मंडळाने नव्या वसाहतींतील भूखंड दिले ते ९९ वर्षांच्या, काही ठिकाणी ९९९ वर्षांच्या पट्ट्याने, हे मात्र खरे. १९३३ साली ते मंडळ महापालिकेत विलीन झाले आणि पट्टे महापालिकेकडे गेले. भाडेपट्टेदार तोच, जमीन तीच, मालक मात्र बदललेला. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

कारण आमच्या भागातही नेमके तेच झाले आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या माळांवर कारखाने उभे राहिले; त्या कारखान्यांचे भूखंडही पट्ट्यानेच दिलेले, मुदत ९५ वर्षे. मजूर आले, त्यांत अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील आमची कुटुंबे होती. त्यांपैकी अनेकांच्या पूर्वजांच्या नावे सातबाऱ्यावर एक ओळही नव्हती. ज्यांच्याकडे काही होते ते वतन, चाकरीच्या अटीवर मिळालेले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला आणि त्या जमिनी धारकांस परत मिळाल्या, पण ‘नव्या शर्तीने’. परवानगीवाचून विकता येऊ नयेत अशा. तेव्हा ‘जमीन आहे, पण अट आहे’ हे वाक्य या कुटुंबांनी दोन पिढ्यांपूर्वी एकदा ऐकलेले आहे.

या कामगारांस राहण्यास घरे हवीत म्हणून १४ मार्च १९७२ रोजी पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. आसपासच्या गावांतील शेतजमिनी संपादित करून प्राधिकरणाने पेठा आखल्या आणि भूखंड व घरे ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. जमीन सट्टेबाजांच्या हाती जाऊ नये, सामान्य माणसास परवडावी, हा त्यामागचा विचार. तो वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. आज निगडीत जी मोकळी हवा आहे ती त्या नियंत्रणामुळेच टिकली. पण त्याच पेठांखाली कोणाची तरी भातशेती आणि ज्वारी होती. १९७२ ते १९८३ या काळात ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनी साडेबारा टक्के परताव्यासाठी दशकानुदशके झगडा दिला. प्राधिकरणातील घरे ‘फ्रीहोल्ड’ करावीत, म्हणजे पट्टा जाऊन पूर्ण मालकी मिळावी, ही रहिवाशांची मागणीही जुनी आणि रास्त आहे. ती मागणाऱ्याने शेतकऱ्याची मागणी परकी मानू नये, असे आमचे मत आहे. लेवीय पुस्तकात जमीन परत जाते ती शेवटच्या धारकाकडे नव्हे, मूळ कुळाकडे.

जून २०२१ मध्ये प्राधिकरणच विसर्जित झाले. ते पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन करण्यात आले आणि पेठांतील बांधकाम परवानगीचे काम महापालिकेकडे गेले. म्हणजे पट्टा देणारी संस्था पन्नाशीही न गाठता संपली आणि पट्टा मात्र अजून निम्मा शिल्लक. ज्यांनी मूळ फायली हाताळल्या ते कर्मचारी निवृत्त झाले, दप्तरे हलली.

१९७५ साली सुरू झालेला ९९ वर्षांचा पट्टा २०७४ साली संपेल. आकडा दूरचा वाटतो. परंतु २०२० साली जन्मलेले, आमच्या हातून स्नानसंस्कार झालेले बाळ तेव्हा चोपन्न वर्षांचे असेल; ना तरुण, ना म्हातारे, आणि कदाचित त्याच घरात राहणारे. शिवाय अडचण २०७४ पर्यंत थांबत नाही. बँक वीस-पंचवीस वर्षांचे कर्ज देते ती कर्जफेडीनंतरही पट्ट्याची पुरेशी वर्षे उरतात की नाही हे पाहून. वर्षे कमी होत गेली की कर्ज देणारा मागे सरतो, त्याच्यामागून घेणारा मागे सरतो, आणि इमारत जुनी होऊन पुनर्विकासाची वेळ येते तेव्हा विकासकही तोच प्रश्न विचारतो.

याचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण हाँगकाँगचे. तेथील ‘न्यू टेरिटरीज’ हा प्रदेश ब्रिटनने १ जुलै १८९८ पासून ९९ वर्षांच्या पट्ट्याने चीनकडून घेतला होता. त्या प्रदेशातील लोकांच्या घरांचे व जमिनींचे पट्टे मूळ पट्ट्याच्या तीन दिवस आधी, २७ जून १९९७ रोजी संपत. मुदतीस अठरा वर्षे बाकी असताना, १९७९ साली, गव्हर्नर मॅकलहोस यांनी पेकिंग येथे हा विषय काढला, त्यामागे हेच कारण होते: पुढच्या पट्ट्यांचे आणि कर्जांचे काय, हे कोणी सांगू शकत नव्हते. १९८४ च्या संयुक्त घोषणापत्रात त्याचे उत्तर लिहिले गेले. १९९७ पूर्वी संपणारे असे पट्टे अधिमूल्य न घेता ३० जून २०४७ पर्यंत वाढविता येतील आणि धारकाने करपात्र मूल्याच्या तीन टक्के वार्षिक भाडे द्यावे. दोन राष्ट्रांच्या वाटाघाटींत, सैन्य आणि सार्वभौमत्व यांच्या शेजारी, सामान्य माणसाच्या घराच्या पट्ट्यास एक स्वतंत्र परिशिष्ट मिळाले.

इंग्लंडात तर भाडेपट्ट्याची सदनिका हीच रीत. ज्यांचे आप्त लंडनकडे स्थायिक झाले आहेत त्यांनी हे त्यांच्याकडून ऐकले असेल. १९९३ च्या कायद्याने तेथील सदनिकाधारकास मोबदला देऊन मुदत ९० वर्षांनी वाढवून मागण्याचा हक्क मिळाला. पण पट्ट्याची ऐंशीहून कमी वर्षे उरली की मोबदला एकदम चढे, कारण मुदतवाढीने वाढणाऱ्या किमतीतील निम्मा वाटाही जमीनमालकास द्यावा लागे. त्या वाढीस तेथे ‘विवाह-मूल्य’ म्हणतात. विवाह कशाचा कशाशी, तर पट्ट्याचा मालकीशी. (इतका महाग विवाह आमच्या धर्मग्रामात अद्याप झालेला नाही.) २०२४ साली संमत झालेल्या कायद्याने ही वाढ ९९० वर्षांची ठरविली आहे आणि विवाह-मूल्य रद्द करण्याची तरतूद केली आहे; अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरली. आपल्याकडे शासनाच्या स्वतःच्या भाडेपट्ट्याच्या जमिनी अधिमूल्य घेऊन मालकी हक्काच्या करण्यासाठी २०१९ साली नियम झाले. ते सरकारी जमिनींचे नियम. प्राधिकरणाच्या जमिनींना ते आपोआप लागू होतात असे समजून कोणी स्वस्थ बसू नये.

ऑन्जियरचा ठराव, १८५१ चा कायदा, हाँगकाँगचे परिशिष्ट, या तिन्हींत तडजोड झाली ती लोक एकत्र असताना. हाँगकाँगात तर मुदतीला पुरती तेरा वर्षे बाकी होती. निगडीच्या पट्ट्यांची आज निम्मी मुदत सरली आहे. बोलणी करण्यास याहून चांगला काळ पुढे येईल असे आम्हांस वाटत नाही.

यासाठी घरात काय असावे? मूळ भाडेपट्ट्याचा नोंदणीकृत करार, त्यातील सुरुवातीची तारीख, नूतनीकरणाची अट असल्यास ती, वार्षिक भाडे भरल्याच्या पावत्या, आणि सदनिका दुसऱ्याकडून घेतली असल्यास प्रत्येक हस्तांतरणाची परवानगी. सोसायटी असेल तर जमिनीचा पट्टा सोसायटीच्या नावे झाला आहे की अजून विकासकाच्याच नावे आहे, हे सर्वसाधारण सभेत विचारावे. आणि उत्तर इतिवृत्तात लिहवून घ्यावे. वारसाचे नाव वेळीच लावावे. सोसायटीतील नामनिर्देशन म्हणजे वारसाहक्क नव्हे. मृत्युपत्र नसेल तर आपणां ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागतो: मुले असतील तर विधवेस एक तृतीयांश, उरलेले मुलांस समान, मुलगा असो वा मुलगी. एक मुलगा दुबईस, एक मुलगी कॅनडात, आणि पट्टा अजून आजोबांच्या नावे, अशी घरे आमच्या पाहण्यात आहेत. मुदतवाढीचा वा फ्रीहोल्डचा अर्ज करण्याची वेळ येईल तेव्हा त्या सर्वांच्या सह्या लागतील.

ज्यांनी १९७० च्या दशकात प्राधिकरणाच्या सोडतीचे फॉर्म भरले, ज्यांना ताबा मिळाला त्या दिवशी पेठेत वीज होती की नव्हती हेही आठवते, त्यांची वये आता ऐंशीच्या आसपास आहेत. पट्ट्यातील हे पहिले आयुष्य. वाटपपत्र, ताबापावती आणि पहिला नकाशा त्यांच्या लोखंडी कपाटात, बहुधा लग्नाच्या फोटोंच्या खाली आहे. येत्या रविवारच्या मिस्सानंतर त्यांच्याकडे जावे, ती कागदपत्रे त्यांच्यादेखत काढून त्यांच्या दोन प्रती कराव्यात, आणि कोणत्या पानावर कोणाची सही आहे हे त्यांच्या तोंडून लिहून घ्यावे.